हंगामाआधी ठरवायची करुणा : ख्रिस्ती खेळाडू, प्रशिक्षक आणि पालकांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

आपल्या धर्मग्रामांत आणि मंडळ्यांत युवकांच्या क्रिकेट, फुटबॉल किंवा व्हॉलीबॉलच्या स्पर्धा भरतात, तेव्हा श्रद्धेचा आणि खेळाचा संबंध बहुधा दोन ठिकाणी दिसतो : उद्घाटनाच्या प्रार्थनेत आणि बक्षीस समारंभातील धर्मगुरूंच्या किंवा पाळकांच्या भाषणात. या दोहोंच्या मध्ये संघनिवड असते, पंचाचा न पटलेला निर्णय असतो, दुखापत असते, पराभव असतो आणि पूर्ण सामना बाकावर बसून काढलेला एखादा मुलगाही असतो. शुभवर्तमान जगण्याची खरी जागा हीच आहे, आणि नेमक्या याच जागेबद्दल युवकांना फारसे काही शिकवले जात नाही.

सामना रंगात आलेला असताना, श्वास फुललेला असताना आणि सीमारेषेवरून लोक ओरडत असताना माणसाला नवा विचार सुचत नाही. जे आधी ठरवलेले आणि सरावातून अंगवळणी पडलेले असते, तेच त्या क्षणी हातून घडते. त्यामुळे दयेचे आणि प्रामाणिकपणाचे निर्णय ऐनवेळच्या सद्भावनेवर सोडू नयेत. ते हंगाम सुरू होण्याआधी, शांत डोक्याने, एकत्र बसून घ्यावेत. पुढच्या पायऱ्या त्यामुळेच हंगामाच्या क्रमाने मांडल्या आहेत.

पायरी पहिली : कशासाठी खेळतो हे लिहून काढा

प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात धावपटूचा आणि मुष्टियोद्ध्याचा दाखला दिला, तो त्या शहराच्या ओळखीचा होता. करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन क्रीडास्पर्धा भरत आणि विजेत्याला पाइनच्या डहाळ्यांचा किंवा वाळलेल्या पाल्याचा मुकुट मिळत असे. पौल त्या खेळाडूंची टर उडवत नाही. त्यांच्या संयमाची आणि कष्टांची तो कदर करतो, आणि मग विचारतो की नाशवंत मुकुटासाठी एवढे, तर अविनाशी मुकुटासाठी किती? श्रद्धावान खेळाडूने कमी जिद्दीने खेळावे असा अर्थ यातून निघत नाही. अर्धवट सराव करून नम्रतेचे नाव सांगणे हे संघावर अन्याय करणारे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हंगामाच्या पहिल्या बैठकीत संघाने एक कागद घ्यावा आणि त्यावर चार-पाच बांधिलक्या लिहाव्यात. त्या कृतीच्या भाषेत असाव्यात. ‘आम्ही प्रेमाने वागू’ असे लिहिल्याने मैदानावर काहीही बदलत नाही, कारण ते पाळले की मोडले हे कोणालाच सांगता येत नाही. ‘पंचाशी फक्त कर्णधार बोलेल’, ‘प्रतिस्पर्धी संघाला भेटल्याशिवाय कोणीही मैदान सोडणार नाही’, ‘कोणाच्याही जातीवरून, रंगावरून, आईबहिणीवरून शब्द निघाला तर तो खेळाडू त्याच क्षणी बाहेर बसेल, मग तो आपला सर्वोत्तम गोलंदाज असला तरी’ ही वाक्ये पाळता येतात आणि मोडली तर दिसतातही. शेवटच्या वाक्यावर बैठकीत बहुधा चर्चा होईल, आणि ती होऊ द्यावी. सर्वांत चांगल्या खेळाडूला बाहेर बसवण्याची तयारी नसेल तर ते वाक्य कागदावर लिहू नये.

पायरी दुसरी : रविवारचा प्रश्न वेळापत्रकाआधी सोडवा

स्कॉटलंडचा धावपटू एरिक लिडेल याची गोष्ट आपल्याकडे अनेक प्रवचनांत सांगितली जाते. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १०० मीटर शर्यतीच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या, म्हणून त्याने ती शर्यत सोडली, आणि ४०० मीटरमध्ये ४७.६ सेकंदांच्या विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकले. २०० मीटरमध्ये त्याला कांस्यही मिळाले. हे सांगताना बऱ्याचदा असे चित्र रंगवले जाते की त्याने अगदी शेवटच्या घटकेला माघार घेतली. प्रत्यक्षात वेळापत्रक काही महिने आधीच हाती आले होते, निर्णयही तेव्हाच झाला होता, आणि मधला काळ त्याने ४०० मीटरच्या तयारीला दिला. आपल्या तरुणांना ही बाजू आवर्जून सांगायला हवी, कारण त्याचा निर्णय भावनेच्या भरात घेतलेला नव्हता आणि त्याने संघाला अंधारातही ठेवले नव्हते.

या गोष्टीचा उत्तरार्ध मात्र क्वचितच सांगितला जातो, आणि मला तोच अधिक मोलाचा वाटतो. लिडेल १९२५ मध्ये मिशनरी म्हणून चीनला परतला. त्याचा जन्मही तिथलाच, तिएनत्सिन शहरातला. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्याला वेईशिएन येथील छावणीत बंदिस्त केले. तिथे तो मुलांना शिकवत असे, त्यांच्यासाठी खेळ आयोजित करत असे, पण रविवारी खेळ घेत नसे. एका रविवारी मुलांनी आपले आपणच हॉकीचा सामना खेळला, पंच नसल्यामुळे त्याचे पर्यवसान मारामारीत झाले, आणि त्यानंतरच्या रविवारी लिडेल स्वतः शिटी घेऊन मैदानात उतरला. स्वतःच्या पदकासाठी जो नियम त्याने मोडला नाही, तो भांडणाऱ्या मुलांसाठी त्याने बाजूला ठेवला. शब्बाथ माणसासाठी आहे हे मार्कच्या शुभवर्तमानातील येशूचे म्हणणे त्याला असे उमगले होते. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी, मेंदूतील गाठीमुळे, त्याच छावणीत त्याचा मृत्यू झाला.

आता व्यवहाराचे. स्पर्धा आपणच भरवत असू तर रविवारचे सामने मिस्सा किंवा उपासना संपल्यानंतर, घरी जाऊन जेवून परत येण्याइतका अवधी ठेवूनच लावावेत. मुलांना प्रार्थना आणि सामना यांपैकी एक निवडायला लावणे ही आयोजकांची चूक असते, मुलांची नव्हे. जिल्हा किंवा राज्य संघात निवड झाली असेल आणि रविवारी सामने असतील, तर प्रशिक्षकाशी हंगामाच्या सुरुवातीलाच बोलावे. कॅथलिक खेळाडूंसाठी शनिवारी सायंकाळच्या मिस्साचा मार्ग बहुतेक ठिकाणी खुला असतो. प्रोटेस्टंट मंडळीतील खेळाडूने आपल्या पाळकांशी बोलून पहाटेच्या उपासनेचा किंवा संघाच्या मुक्कामी छोट्या प्रार्थनेचा विचार करावा. एखाद्याची सदसद्विवेकबुद्धी रविवारी खेळूच देत नसेल, तर त्याने तसे ठरवावे आणि त्याची किंमत स्वतः मोजावी. मात्र रविवारी खेळणाऱ्या सहकाऱ्याला कमी श्रद्धेचा ठरवू नये. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय या विषयावर वाचण्यासारखा आहे, कारण दिवस पाळणाऱ्याला आणि न पाळणाऱ्याला पौल तिथे एकमेकांचा न्याय करण्यापासून परावृत्त करतो.

पायरी तिसरी : संघ असा बांधा की कोणी सीमेबाहेर राहणार नाही

बास्केटबॉलचा जन्म कसा झाला हे प्रत्येक ख्रिस्ती प्रशिक्षकाने जाणून घ्यावे. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड येथे, वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या प्रशिक्षण शाळेत, ईश्वरविद्येचे शिक्षण घेतलेल्या जेम्स नेस्मिथ या शिक्षकाकडे हिवाळ्यात बंद सभागृहात खेळता येईल असा खेळ शोधण्याचे काम आले. मैदानी खेळांतील धसमुसळेपणा कुठून येतो याचा त्याने विचार केला. चेंडू घेऊन धावणाऱ्याला अडवण्यासाठी त्याला पाडावे लागते, म्हणून त्याने चेंडू घेऊन धावण्यावरच बंदी घातली. गोल जमिनीलगत असला की चेंडू जोरात फेकला जातो, म्हणून टोपली उंचावर टांगली, जेणेकरून चेंडू अलगद आणि नेमका टाकावा लागेल. त्याच्या मूळ तेरा नियमांत खांद्याने ढकलणे, धरणे, पाडणे, मारणे यांना स्पष्ट मनाई होती. खेळाडूंना नुसता उपदेश करण्यापेक्षा नियमच असा रचणे की इजा कमी व्हावी, ही करुणेची एक फार व्यवहारी रीत आहे.

आपल्या स्थानिक स्पर्धांचे नियम आपल्याच हातात असतात. चौदा वर्षांखालील गटात प्रत्येक नोंदणीकृत मुलाला किमान ठरावीक षटके किंवा मिनिटे मिळालीच पाहिजेत, असा नियम आयोजकांनी करावा आणि तो धावफलकाइतक्याच काटेकोरपणे तपासावा. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यात शेवटच्या तासाला आलेल्या मजुरांनाही पूर्ण मजुरी मिळते, आणि ते पाहून आधी आलेले कुरकुरतात. मैदानावर ही कुरकुर पालकांकडून येईल. तिला उत्तर द्यायची तयारी ठेवावी. मोठ्या वयोगटातील चुरशीच्या संघात सर्वांना खेळवता येत नाही, हे मान्य आहे. तिथे करुणा वेगळ्या रूपात दाखवावी लागते : ज्याला वगळले त्याला फलकावरच्या यादीतून ते कळू देऊ नये, आदल्या दिवशी एकट्याला भेटून कारण सांगावे, आणि कशावर मेहनत घेतली तर दार उघडेल हे नेमके सांगावे. खोटी आशा दाखवणे ही दया नव्हे.

दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या खेळाडूची किंमत ओळखायची असेल तर सांगलीच्या विजय हजारे यांची एक खेळी आठवावी. मराठी ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले आणि पुढे १९५२ मध्ये भारताला पहिला कसोटी विजय मिळवून देणारे हे कर्णधार, १९४३ च्या मुंबई पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ‘रेस्ट’ म्हणजे उरलेल्या समाजांच्या संघाकडून हिंदू संघाविरुद्ध खेळत होते. फॉलोऑननंतर संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या विजय यांच्या होत्या. त्या डावातील तीनशे धावांच्या भागीदारीत दुसऱ्या बाजूला त्यांचे बंधू विवेक होते आणि त्यांच्या धावा होत्या २१. सामना तरीही डावाने गेला. संघाच्या बैठकीत, वृत्तफलकावर आणि बक्षीस समारंभात विवेक हजारेंसारख्या खेळाडूंची नावे घेण्याची सवय लावा. कोणी टोक धरून ठेवले, कोणी पाणी पोहोचवले, कोणी नव्या मुलाला सरावाला आणले, याची नोंद ठेवणारा एक जण नेमा.

त्याच पंचरंगी स्पर्धेतून दुसरीही एक गोष्ट शिकायची आहे. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि ‘रेस्ट’ अशी ती धर्मवार वाटणी होती. १९४० मध्ये गांधीजींनी तिच्याबद्दल नापसंती व्यक्त केली आणि १९४६ नंतर ती बंद झाली. चर्चच्या मैदानावरील संघ पुन्हा तसा बंदिस्त होऊ देऊ नये. शेजारच्या वस्तीतील कोणत्याही धर्माच्या, जातीच्या मुलामुलींना खेळू द्यावे, प्रार्थनेला थांबणे ऐच्छिक ठेवावे आणि प्रशिक्षण, बूट किंवा खाऊ यांच्या बदल्यात कोणतीही धार्मिक अपेक्षा ठेवू नये. हे पालकांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे. येशूच्या दाखल्यातील चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाला त्याची श्रद्धा विचारली नव्हती.

गरीब घरातील मुलाला मदत करताना त्याचा मान सांभाळणे हे या पायरीतील सर्वांत नाजूक काम आहे. बूट वाटपाचे छायाचित्र काढून ते व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. त्याऐवजी बूट, पॅड, ग्लोव्ह्ज यांची एक सामाईक पेटी ठेवावी, जिच्यातून सधन घरचा मुलगाही वस्तू घेईल, आणि प्रवेशशुल्क न भरू शकणाऱ्याचे नाव फक्त खजिनदाराला माहीत असावे. डाव्या हाताला कळू न देता उजव्या हाताने द्यायचे म्हणजे अशीच काहीतरी व्यवस्था करावी लागते. मुलींचा संघ असेल तर कपडे बदलण्याची बंद खोली, स्वच्छ स्वच्छतागृह आणि अंधार पडण्याआधी संपणारा सराव या गोष्टी उद्घाटनाच्या ढालीपेक्षा आधी यायला हव्यात. अपंग मुलाला धावा लिहायला बसवून समाधान मानू नये. त्याला काय खेळायचे आहे हे त्यालाच विचारावे.

पायरी चौथी : कागद खरे ठेवा, औषधे तपासून घ्या

वय लपवणे हा आपल्याकडील वयोगटांच्या स्पर्धांना लागलेला जुना रोग आहे. सतरा वर्षांचा मुलगा चौदाच्या गटात खेळला की एका खऱ्या चौदा वर्षांच्या मुलाची जागा जाते. तो मुलगा कोणालाच दिसत नाही, म्हणून हे पाप हलके वाटते. बाप्तिस्म्याची नोंद आणि जन्मदाखला यांतील तारखा जुळत नसतील तर संघव्यवस्थापकाने तिथेच थांबावे, आणि धर्मग्रामाच्या कार्यालयातून सोयीचा दाखला मिळवण्याचा आग्रह कोणीही धरू नये.

वरच्या पातळीवर खेळणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की उत्तेजक द्रव्यांच्या नियमांनुसार शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच असते, मग ते सर्दीच्या गोळीतून आलेले असो वा जिममध्ये कोणी दिलेल्या पावडरीतून. आजारासाठी एखादे औषध खरोखरच आवश्यक असेल तर राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे, म्हणजे नाडाकडे, उपचारासाठीची सवलत मागण्याची रीतसर पद्धत आहे.

पायरी पाचवी : मुलांच्या सुरक्षेची व्यवस्था पहिल्या सरावाआधी उभी करा

या पायरीवर तडजोड नको. एकोणिसाव्या शतकात इटलीतील तुरीन शहरात संत जॉन बॉस्को यांनी रस्त्यावरच्या मुलांसाठी जे केंद्र उभारले, त्यात खेळाच्या अंगणाला घर, शाळा आणि चर्च यांच्या बरोबरीचे स्थान होते. शिक्षकांनी मुलांच्या खेळात सामील व्हावे, त्यांच्यामध्ये असावे, असा त्यांचा आग्रह असे. आजच्या भाषेत सांगायचे तर प्रौढांची उपस्थिती उघडी, सर्वांना दिसणारी आणि एकापेक्षा अधिकांची असावी. कोणताही प्रशिक्षक एखाद्या मुलासोबत बंद खोलीत किंवा गाडीत एकटा नसेल; बाहेरगावच्या मुक्कामात मुलांच्या खोलीत प्रौढ झोपणार नाही; प्रशिक्षकाचे संदेश पालक असलेल्या गटावरच जातील; मालिश किंवा दुखापतीची तपासणी दुसऱ्या प्रौढासमोरच होईल. हे नियम लेखी असावेत, आणि धर्मगुरू, पाळक, ज्येष्ठ खेळाडू, देणगीदार अशा सर्वांना ते सारखेच लागू व्हावेत.

अठरा वर्षांखालील मुलाचे लैंगिक शोषण झाल्याचे कळले किंवा तशी शंका आली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हा गुन्हा आहे. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी मोफत आहे. संघाची, शाळेची किंवा चर्चची बदनामी होईल म्हणून प्रकरण आपापसात मिटवणे, पीडित मुलाला ‘क्षमा कर’ असे सांगणे, आरोप असलेल्या प्रशिक्षकाला गुपचूप दुसऱ्या गावी पाठवणे, यांपैकी एकाही गोष्टीला ख्रिस्ती म्हणता येत नाही. लहानग्यांना अडखळण करणाऱ्याबद्दल येशू जितक्या कठोरपणे बोलला, तितका तो फार थोड्या बाबतींत बोलला आहे. प्रौढ महिला खेळाडूंच्या बाबतीत, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात क्रीडासंस्था, स्टेडियम आणि स्पर्धेचे ठिकाण यांचा स्पष्ट समावेश आहे, हेही पदाधिकाऱ्यांनी माहीत करून घ्यावे.

पायरी सहावी : सामन्याचा दिवस

प्रार्थना लहान असावी. विजय मागू नये, कारण पलीकडच्या संघातही प्रार्थना करणारे असतात. कोणाला इजा होऊ नये, डोके ठिकाणावर राहावे आणि आपल्यामुळे कोणी अपमानित होऊ नये, एवढे मागणे पुरेसे आहे. संघात अन्य धर्मांचे खेळाडू असतील तर अर्धा मिनिट शांतता ठेवावी आणि ज्याने त्याने आपल्या परीने प्रार्थना करावी. क्रूसाची खूण करण्यात लाज वाटण्याचे कारण नाही. मात्र लोकांनी पाहावे म्हणून चौकात उभे राहून प्रार्थना करणाऱ्यांबद्दल मत्तयाच्या सहाव्या अध्यायात जे म्हटले आहे, ते कॅमेऱ्यासमोर आकाशाकडे बोट दाखवणाऱ्याने एकदा स्वतःला विचारून पाहावे.

पंच हा मैदानावरील सर्वांत एकाकी माणूस असतो. स्थानिक स्पर्धेत तर तो बहुधा धर्मग्रामातलाच एखादा गृहस्थ असतो, ज्याने आपली सुट्टी यासाठी दिलेली असते. सामन्याआधी त्याला पाणी आणि बसायला सावली द्यावी, सामन्यानंतर हरलेल्या कर्णधाराने आधी त्याच्याकडे जावे. बॅटची कड लागली हे ठाऊक असताना फलंदाजाने स्वतःहून निघून जावे का, हा प्रश्न युवक हमखास विचारतात. नियमाने तसे बंधन नाही. माझ्या मते जावे. पण सक्ती करण्यापेक्षा जास्त महत्त्वाचे हे की जो मुलगा स्वतःहून निघून आला त्याला तंबूत कोणीही बोल लावू नये. एकदा बोलणी खाल्ली की तो मुलगा पुन्हा तसे करत नाही.

दुखापतीच्या वेळी करुणेला ज्ञानाची जोड लागते. प्रत्येक सामन्याला प्रथमोपचाराची पेटी, बर्फ आणि ती वापरता येणारा एक प्रशिक्षित माणूस असावा, आणि तो दोन्ही संघांसाठी असावा. डोक्याला मार लागून खेळाडू गोंधळलेला असेल, चक्कर, उलटी, डोकेदुखी किंवा विसरल्यासारखे होत असेल, तर तो ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी त्या दिवशी पुन्हा खेळणार नाही आणि डॉक्टरांना दाखवले जाईल. मानेला किंवा पाठीला मार असल्याची शंका असेल तर त्याला उचलून बाजूला नेऊ नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. एप्रिल-मेच्या उन्हात खेळाडू असंबद्ध बोलू लागला तर त्याला सावलीत आणून अंगावर पाणी ओतून थंड करावे आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. प्रतिस्पर्धी जखमी झाला असेल तर सामन्यानंतर आपल्या संघातील एकाने त्याच्यासोबत दवाखान्यात जावे आणि संध्याकाळी घरी फोन करावा. शोमरोन्याने तेल आणि द्राक्षारस ओतून तिथेच हात झटकले नव्हते; तो त्या माणसाला उतारशाळेत घेऊन गेला, रात्रभर थांबला आणि पुढच्या खर्चाचीही तजवीज करून निघाला.

पायरी सातवी : पराभव आणि खचलेले मन

३० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिलांच्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ धावा केल्या. सामन्यानंतर तिने येशूचे आभार मानले, शेवटी बायबलमधील एका वचनाच्या आधारावर आपण उभी राहिलो असे सांगितले, आणि त्याच दमात हेही सांगितले की त्या स्पर्धेत ती जवळजवळ रोज रडत होती, मन अस्वस्थतेने घेरले होते आणि मध्येच तिला संघातून वगळलेही गेले होते. अरुंधती रेड्डी, स्मृती मानधना, राधा यादव या सहकाऱ्यांची नावे घेऊन त्यांनी आपल्याला कसे सांभाळले हे तिने सांगितले. श्रद्धा असलेल्या माणसालाही मनाचा आजार होऊ शकतो, आणि देवाची मदत बऱ्याचदा शेजारी मूकपणे बसलेल्या मैत्रिणीच्या रूपाने येते, हे तिने ज्या मोकळेपणाने दाखवले त्याचे मोल मला त्या शतकाइतकेच वाटते.

खचलेल्या खेळाडूशी वागण्याची रीतही आधीच ठरवून ठेवता येते. पराभवानंतर पहिला तासभर चुकांची चर्चा करू नये. ज्याच्या हातून झेल सुटला किंवा पेनल्टी हुकली, त्याच्यासोबत घरापर्यंत एकाने जावे. फार बोलण्याची गरज नसते. ‘तुझी प्रार्थना कमी पडली’, ‘देवाचीच तशी इच्छा होती’ ही वाक्ये टाळावीत, कारण ती सांत्वनाच्या नावाखाली दोष देतात. ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तेवढेच त्याच्या उपयोगी पडले. झोप उडणे, जेवण सुटणे, सरावाची भीती वाटणे, जगण्यात अर्थ नसल्याचे बोलणे अशी लक्षणे दिसली तर प्रार्थनेसोबत मानसोपचारतज्ज्ञाकडे नेणे हे कर्तव्यच आहे. पालकांना एवढेच सांगावेसे वाटते की सामन्याहून परतताना गाडीत मुलाला धावा विचारण्याआधी भूक लागली का ते विचारावे.

पायरी आठवी : भांडण झाल्यावर

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात तक्रारीचा क्रम दिला आहे : आधी दोघांनी एकांतात बोलावे, नाही जमले तर एक-दोघांना सोबत घ्यावे, त्यानंतरच मंडळीपुढे न्यावे. आपल्या संघांत बहुधा याच्या उलट घडते. तक्रार आधी व्हॉट्सॲप गटावर जाते आणि ज्याच्याविषयी ती असते त्याच्यापर्यंत सर्वांत शेवटी पोहोचते. संघाने नियम करावा की सामन्याच्या रात्री गटावर कोणत्याही व्यक्तीबद्दल लिहायचे नाही, आणि वाद असेल तर दोन दिवसांत समोरासमोर भेटायचे. क्षमा मागताना ‘तुला वाईट वाटले असेल तर’ असे म्हणू नये. काय केले ते सांगावे. आणि पाचव्या पायरीत सांगितलेल्या प्रकारच्या तक्रारींना हा क्रम कधीही लागू होत नाही; तिथे पहिले पाऊल पोलिसांकडेच जाते.

पायरी नववी : हंगाम संपल्यावर

पहिल्या बैठकीतला कागद पुन्हा काढावा आणि प्रत्येक बांधिलकी कुठे मोडली हे नावे न घेता बोलावे. सामाईक पेटीतील काय फाटले, किती शुल्क माफ केले, पंचांना वेळेवर मानधन मिळाले का, याचा हिशेब खजिनदाराने मांडावा. त्यानंतर हंगामाच्या पहिल्या दिवशीची नोंदवही आणि शेवटच्या दिवशीची हजेरी शेजारी ठेवावी आणि मध्येच यायचे थांबलेल्या मुलामुलींची यादी करावी. प्रत्येक नावासमोर दोन जणांनी आपले नाव लिहावे आणि महिनाभरात त्या घरी जाऊन यावे. परत येण्याचा आग्रह धरायचा नाही. का सुटले एवढे विचारायचे, आणि जे उत्तर मिळेल ते, प्रशिक्षकाच्या विरोधात असले तरी, जसेच्या तसे पुढच्या हंगामाच्या पहिल्या बैठकीत मांडायचे.